घरच्या घरी ब्रेक: नवे पॅड, नवं ऑइल आणि एअर काढणं

चार माणसं बसलेली हॅचबॅक, म्हणजे साधारण १,२०० किलो वजन, सिंहगडाच्या वाहनतळावरून डोणज्यापर्यंत येते तेव्हा ती जवळपास ६०० मीटर उतरलेली असते. हिशोब केला तर ही ७० लाख जूल ऊर्जा होते, म्हणजे जवळजवळ दोन युनिट वीज. हजार वॉटची इस्त्री दोन तास चालू ठेवली तर निघेल तेवढी उष्णता. त्यातली थोडी वारा आणि टायर खातात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खातं. उरलेली सगळी ब्रेकमध्ये जाते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांच्या ब्रेकमध्ये जवळजवळ सगळीच.

हे आधी सांगायचं कारण असं, की ब्रेक अपग्रेड करू पाहणाऱ्या बहुतेकांना ताकद वाढवायची असते, आणि ताकद त्यांच्या गाडीत पुरेशी असतेच. एकदा रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, चाळीसच्या वेगात पेडल जोरात दाबा. पायाखाली थरथर जाणवली की समजा एबीएस (चाकं पूर्ण अडकू न देणारी यंत्रणा) जागं झालं. (एप्रिल २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये ते आहेच.) एबीएस जागं झालं म्हणजे टायरची पकड संपली, ब्रेकचा जोर शिल्लक आहे. त्यापुढे कितीही मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) लावा, गाडी आणखी कमी अंतरात थांबणार नाही. ते काम टायरचं. त्यामुळे टायर कडक झाले असतील, कडेला बारीक भेगा दिसत असतील, तर ब्रेकसाठी काढून ठेवलेले पैसे आधी तिकडे घाला.

घरी बसून सुधारता येतात अशा गोष्टी दोनच: ब्रेकची उष्णता सोसायची कुवत आणि पेडलचा भरवसा. दोन्ही कमी खर्चात होतात, आणि रोज कोथरूड ते खराडी करणाऱ्या, महिन्यातून एखाद्या वेळी ताम्हिणी किंवा वरंध घाटात जाणाऱ्या माणसाला त्याहून जास्त काही लागत नाही.

पेडल काय सांगतंय ते आधी ऐका

घाटात ब्रेक कमी लागायला लागले असं सगळेच म्हणतात, पण त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं. पेडल नेहमीसारखं कडक आहे, जळका वास येतोय, दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, असं असेल तर पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणारे तुकडे) त्यांच्या सोसण्यापलीकडे तापलेत. पेडल मऊ पडलंय, स्पंजसारखं लागतंय, नेहमीपेक्षा खाली जातंय, असं असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल दाबलं जात नाही म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. उकळल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पाय नुसता खाली जातो. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो पुरेशी सूचना देत नाही.

पेडल घाटाबाहेर, सपाटीवरही मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे. आणि दाबून धरलेलं पेडल सिग्नलला हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलवर टाकणाऱ्या पंपाचं) रबर गेलंय. अशा गाडीवर घरी शिकू नका. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी टो करून न्या.

काय घ्यायचं आणि काय नाही

सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू सगळ्यात स्वस्त आहे: ब्रेक ऑइलची नवी, सीलबंद बाटली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, अगदी चाकांकडे जाणाऱ्या रबरी होजमधून, म्हणजे लवचीक नळ्यांमधूनसुद्धा. लोणावळ्याच्या बाजूला राहणाऱ्या गाड्यांचं ऑइल लवकर खराब होतं ते यामुळेच. डॉट ३ जातीचं ऑइल नवं असताना निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, आणि डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे चार वर्षं न बदललेल्या भारी ऑइलपेक्षा काल घातलेलं साधं ऑइल बरं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात. सर्व्हिसच्या बिलात ही ओळ खरंच आहे का ते एकदा शोधून बघा.

डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातली आहेत, त्यामुळे डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव ५.१ सारखंच वाटतं, पण ते आपल्या रोजच्या गाड्यांत घालायचं नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर कोणतं ऑइल हवं ते कोरलेलं असतं, त्यापेक्षा खालचं कधीही घालू नका. घाटात जाणाऱ्याने चांगलं डॉट ४ घेतलं की झालं. छोट्या गाडीचं सगळं ऑइल बदलायला एक लिटर पुरतं. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली कपाटात असेल तर ती वापरू नका, ती तिथे बसून पाणीच पीत होती.

दुसरा क्रम पॅडचा. कंपनीचेच किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या चांगल्या उत्पादकाचे पॅड घ्या. रेसिंगचे म्हणून मिळणारे पॅड तापल्यावर जोरात पकडतात, पण थंड असताना कमी पकडतात. आणि आपल्याला पहिला ब्रेक लागतो तो सकाळी सोसायटीच्या रॅम्पवर, थंड पॅडवरच. शिवाय ते किंचाळतात आणि डिस्क लवकर खातात.

स्टीलची जाळी असलेले होज पाइप लावले की पेडल थोडं टणक लागतं, हे खरं. पण गाडी सात-आठ वर्षांची झाली असेल, रबरी होज फुगत असतील, तर कंपनीचे नवे रबरी होज लावूनही जवळजवळ तोच फरक जाणवतो. होज बदलताना लाइन रिकामी होते आणि भरपूर हवा शिरते, म्हणून पहिल्याच खेपेला तो घाट घालू नका. आधी एअर, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा, काढायला हात बसू द्या.

मागच्या चाकांचे ड्रम (बंद डब्यासारखे ब्रेक) काढून डिस्क बसवायचा बेत असेल तर तो सोडून द्या. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर किती वाटायचा हे कंपनीने मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर (ड्रममध्ये ब्रेक दाबणारा भाग) आणि एबीएसच्या प्रोग्रॅमवरून ठरवलेलं असतं. त्यातला एक तुकडा बदलला की ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकू शकतात आणि गाडी गिरकी घेते. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. झिजलेल्या पॅडच्या जागी त्याच मापाचे पॅड आणि ताजं ऑइल घालणं ही मात्र दुरुस्ती आहे, त्याला कोणी हरकत घेणार नाही.

खरेदी नाना पेठेत करा. जाताना गाडीचं मॉडेल, साल आणि आरसीचा फोटो जवळ ठेवा, कारण एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलला वेगळे पॅड असू शकतात. जुना पॅड काढलेला असेल तर तोच पिशवीत घालून न्या, दुकानदार त्याला बघूनच बोलतो. डबा फोडून दाखवायला सांगा, बिल घ्या. ब्रेकच्या भागांत नकली माल फिरतो आणि बिल न देणाऱ्याकडे तो जास्त फिरतो. पाने, घण, वायर ब्रश असल्या गोष्टी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात स्वस्तात मिळतील. जॅक आणि जॅक स्टँड मात्र तिथून आणू नका. ज्याच्या आधारावर गाडी उभी राहणार ती वस्तू कोणाची, किती वर्षं वापरलेली, हे आपल्याला माहीत नसतं.

हत्यारं आणि जागा

दोन चांगले जॅक स्टँड, शक्य असेल तर ट्रॉली जॅक. गोटी पान्यांचा सेट. निपलसाठी (प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) रिंग पाना: बहुतेक गाड्यांना ८ किंवा १० नंबरचा लागतो, आधी बसवून बघा. इथे दुमुखी फिक्स पाना वापरू नका, निपलचे कोपरे गोल होतात आणि मग काम तुमच्या हातात राहत नाही. निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, फिश टँकच्या दुकानात मिळते. पाण्याची रिकामी बाटली, मोठी सिरिंज, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, वायर ब्रश, सिलिकॉन ग्रीस, सुताराकडे असतो तसा सी-क्लॅम्प, हातमोजे आणि चष्मा. टॉर्क रेंच भाड्याने किंवा उसना मिळाला तर उत्तम. डिस्कची जाडी मोजायला व्हर्नियर लागेल, आणि पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीत एखादा डिप्लोमा मेकॅनिकलवाला सापडतोच, त्याच्याकडे असेल.

जागा सपाट हवी. बेसमेंटचा रॅम्प नको, कितीही थोडा उतार असो. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा ठेवा, नाहीतर स्टँडचा पाय ब्लॉकमध्ये रुततो. आणि चेअरमनना आधी सांगून ठेवा. फरशीवर डाग पडला तर तो विषय वार्षिक सभेत निघतो, आणि तिथे ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइल यातला फरक कोणी ऐकून घेत नाही.

आदल्या रात्री चारही निपलवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पावसाळ्यानंतर हे हमखास करायचं.

गाडी उचलणं

गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला. ज्या चाकांवर काम नाही त्यांच्या पुढेमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. मागच्या ड्रमवर काम असेल तेव्हा हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे ठोकळ्यांवरच भिस्त असते, ते चांगले घट्ट हवेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा, गाडी उचला, स्टँड लावा, आणि गाडीचं वजन स्टँडवर उतरवा. गाडीला बाजूने दोन-तीन जोराचे धक्के द्या. हलली, कुरकुरली तर पुन्हा उतरवून नीट लावा. डिकीतला स्क्रू जॅक टायर बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा.

चाक निघालं की लगेच पाना उचलू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलाय का? मग कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या आहेत. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या खाली गेलंय का? डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, व्हर्नियरने मोजून त्याच्याशी ताडून बघा. त्या आकड्याला टेकली असेल तर लेथवर घासून आणायचा मोह टाळा, नव्या डिस्कची जोडी घ्या. होज वाकवून भेगा बघा. मागचा ड्रम निघत असेल तर व्हील सिलिंडरच्या रबराची कड उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय, आणि आजचं काम तिथेच थांबलं.

ड्रममधली आणि कॅलिपरवरची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रममधल्या घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आणि आता या टप्प्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं काम: चारही निपल फिरतात का ते बघा. रिंग पाना पूर्ण बसवून, झटका न देता, अगदी थोडं ढिलं करायचं आणि लगेच घट्ट करायचं. एखादं हलत नसेल तर जोर लावू नका. निपल तुटलं की कॅलिपर लेथवाल्याकडे जातो आणि गाडी स्टँडवर अडकते. एकही पॅड काढण्याआधी हे कळलं तर गाडी निदान चालवत गॅरेजला नेता येते.

पॅड बदलणं

एका वेळी एकच बाजू खोला. गोंधळ झाला तर दुसरी बाजू बघून जोडता येते.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण आधी बाहेरून पुसा, मग काढा, आणि सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. कॅलिपरमधला पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलला की लाइनमधलं ऑइल टाकीत परत येतं आणि ओसंडून बॉनेटखालच्या रंगावर सांडतं. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर नुसतं पुसू नका, भरपूर पाणी ओता.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलता येतो, किंवा दोन्ही बोल्ट काढून तो पूर्ण बाजूला करता येतो. पूर्ण काढला तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. होजवर लोंबकळू द्यायचा नाही. जुने पॅड काढताना फोटो घ्या. कोणत्या पॅडला झिजल्यावर आवाज करणारी पत्र्याची पट्टी होती आणि ती वर होती की खाली, हे नंतर आठवत नाही.

पिस्टन मागे ढकलायला जुना पॅड त्याच्यावर ठेवून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. त्याआधी निपलला नळी लावून ते थोडं उघडा, म्हणजे कॅलिपरमधलं जुनं गाळ ऑइल बाटलीत जाईल, उलटं एबीएसच्या युनिटकडे ढकललं जाणार नाही. पिस्टन आत गेला की क्लॅम्प काढण्याआधी निपल बंद करा. पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं दिसलं तर कॅलिपर दुरुस्तीला गेला पाहिजे. काही गाड्यांच्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असतो, तिथे पिस्टन सरळ ढकलला तर आतली यंत्रणा मोडते. तो खास अवजाराने फिरवत आत न्यावा लागतो. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागच्या चाकांचे पॅड गॅरेजलाच द्या.

मग पिना. माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष यांच्याकडे होतं, कारण गॅरेजला घाई असते. दोन्ही पिना बाहेर काढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसून टाका, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा, रबरी टोप्या जागेवर बसवा. पिन बोटाने सहज आत-बाहेर झाली पाहिजे. साधं चाकाचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा किंवा बोटांचाही तेलकटपणा लागू देऊ नका. नवी डिस्क लावली असेल तर तिच्यावर गंजरोधक तेल असतं, क्लीनरने दोनदा पुसा.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पिनेचे बोल्ट तुलनेने हलके असतात, जोर लावून त्यांचे आटे घालवू नका. आणि एक गोष्ट न विसरता करायची: चाक लावायच्या आधी केबिनमध्ये जाऊन पेडल हळूहळू अनेकदा दाबा. पिस्टन मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या काही दाबांना पेडल थेट खाली जातं. हे दाबणं सोसायटीच्या गेटवर पहिल्यांदा घडू नये.

एअर काढणं

इंजिन बंद. बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपेपर्यंत पेडल चार-पाच वेळा दाबून घ्या. सिरिंजने टाकीतलं काळपट ऑइल जवळजवळ सगळं काढा, पण खालची भोकं उघडी पडू देऊ नका. मग नवं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. आता जे नवं ऑइल ढकललं जाईल ते जुन्याला पुढे रेटेल. आधी हे केलं नाही तर जुनं ऑइलच चारही लाइनमधून फिरवत बसाल.

क्रम साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून जवळच्याकडे. आपल्याकडे मास्टर ड्रायव्हरच्या बाजूला असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण काही गाड्यांत लाइन तिरक्या जोडलेल्या असतात आणि कंपनीने वेगळा क्रम दिलेला असतो. मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

पेडलवर बसायला घरातलं कोणीतरी हवं, ज्याला कंटाळा येणार नाही असं. एअर बिघडते ती बहुतेक वेळा पेडल चुकीच्या क्षणी सोडल्यामुळे, म्हणून बोलायचे शब्द आधी ठरवून घ्या. नळीचं एक टोक निपलवर आणि दुसरं बाटलीत, थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडालेलं. मग भाची पेडलवर असेल तर संवाद असा चालतो:

"दाब."

"दाबलंय, मामा."

इथे निपल पाव फेरा उघडायचं. नळीतून ऑइल येतं.

"खाली गेलं."

"धरून ठेव, सोडू नकोस."

निपल बंद करायचं.

"हं, आता सोड. सावकाश."

बस, एवढंच पुन्हा पुन्हा. निपल उघडं असताना पेडल वर आलं तर नळीतून हवा आत ओढली जाते, म्हणून बंद केल्याशिवाय "सोड" हा शब्द तोंडातून निघता कामा नये. पेडल धाडधाड पंप करायचं नाही. त्याने ऑइलला फेस येतो आणि बुडबुडे बारीक होऊन लाइनमध्ये पसरतात. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणार नाही. मास्टरच्या आतल्या ज्या भागात रबर रोज पोचत नाही तिथे गंज आणि गाळ साठलेला असतो, आणि पेडल तिथवर गेलं की चांगलं रबर खरवडलं जातं. एअर काढल्यावर मास्टर गेला अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ पुष्कळदा हे असतं.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा. ती रिकामी झाली तर मास्टरमध्ये हवा शिरते, आणि एबीएसच्या गाडीत तिथून ती युनिटमध्ये गेली तर स्कॅनरने पंप चालवल्याशिवाय निघत नाही. घरच्या कामाची हीच खरी सीमारेषा आहे. बाकी सगळं पुन्हा करता येतं, हे नाही.

एका चाकाचं काम कधी संपलं? नळीत बुडबुडे येणं थांबलं आणि रंग चहासारख्या तपकिरीवरून नव्या ऑइलच्या फिक्या पिवळ्यावर आला की. मागच्या चाकांना लाइन लांब असल्याने जास्त ऑइल लागतं, पुढच्यांना कमी. निपल बंद करताना ते हाताच्या मनगटाने घट्ट करायचं, खांद्याने नाही. रबरी टोपी परत लावा आणि आजूबाजूचं सांडलेलं ऑइल पाण्याने धुवा.

कोणी मदतीला नसेल तर निपल उघडून नळी बाटलीत सोडा आणि ऑइल आपोआप थेंबथेंब उतरू द्या. वेळ खूप जातो, पण पेडलला हातच लावायचा नसल्याने नवख्याकडून यात चूक कमी होते. फक्त टाकीवर लक्ष हवं. हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप वापरलात तर नळीत बुडबुडे येतच राहतात. पुष्कळदा ती निपलच्या आट्यांतून येणारी बाहेरची हवा असते, घाबरू नका, रंग आणि पेडल बघून ठरवा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना यातलं काही लागू नाही. काहींमध्ये गाडी बंद असताना नुसतं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप जागा होतो. त्या गॅरेजलाच.

रस्त्यावर नेण्याआधी

टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून झाकण लावा. इंजिन बंद ठेवून पेडल दाबा: ते वरच कडक लागलं पाहिजे. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं तर बूस्टर ठीक आहे. आता जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. ते सरकत राहिलं तर गाडी हलवायची नाही, प्रत्येक निपल आणि जोड कोरड्या टिश्यूने पुसून ओल शोधा. नुसतं मऊ असेल तर पुन्हा एकदा एअर काढा, बहुधा मागच्या चाकांत राहिली असेल.

सगळं ठीक असेल तर चाकं लावा, गाडी उतरवा आणि नट जमिनीवर टॉर्कने, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. पहिली चाचणी पार्किंगमध्येच, चालण्याच्या वेगात, एक हात हँडब्रेकवर ठेवून.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. पॅडच्या मटेरियलचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढला की पकड येते. त्यासाठी रिकामा रस्ता हवा. हिंजवडी फेज तीनचे रुंद रस्ते रविवारी पहाटे बरे पडतात. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार या कामासाठी अजिबात नको, तिथे मागे काय येतंय याचा भरवसा नसतो. साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम जोराने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग पुन्हा साठ गाठताना ब्रेकला वारा लागू द्यायचा. असं आठ-दहा वेळा. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहिलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. पुष्कळ लोक त्यालाच डिस्क वाकडी झाली म्हणतात आणि नवी डिस्क घेतात.

काढलेलं ऑइल गटारात किंवा बागेत ओतू नका. बाटलीवर ब्रेक ऑइल असं लिहून ओळखीच्या गॅरेजला द्या आणि ते इंजिन ऑइलच्या पिंपात मिसळू नका असं सांगा. टाकीजवळ एक चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि ऑइलचा प्रकार लिहा.

दोन दिवसांनी सकाळी टाकीची पातळी बघा. आहे तिथेच असायला हवी. पुढे महिन्यांत ती हळूहळू उतरेल, कारण पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल त्यांच्या मागे जातं. तेव्हा वरून भरत बसू नका. पातळी खालच्या खुणेकडे आली म्हणजे पॅड बघायची वेळ झाली. एकदम उतरली तर मात्र गळती आहे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्कने तपासा, आणि पहिल्या घाटाची फेरी झाल्यावर चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून निपलभोवती ओल दिसते का बघा. नव्या पॅडचा थोडा वास पहिल्या फेरीला येईल. दुसऱ्या फेरीलाही एकाच चाकापाशी वास आणि जास्त उष्णता जाणवली तर त्या चाकाच्या पिना पुन्हा खोला.